टाँग पो थांबतो

किकबॉक्सिंगच्या स्वस्तातल्या सिनेमाची गोष्ट पोस्टकार्डावर मावते. मोठा भाऊ मार खातो, धाकटा भाऊ एका म्हाताऱ्याकडे जाऊन शिकतो, आणि शेवटी धाकटा भाऊ मार देतो. वर खुशाली कळवायलाही जागा उरते. तरी असे सिनेमे मी किती पाहिले याचा हिशेब मांडायचा तर हातापायांची बोटं पुरणार नाहीत. पायांची बोटं तर त्या वयात कायम सुजलेलीच असायची.

आमचं नाचणगाव पुलगावला खेटून आहे. तालुका देवळी, जिल्हा वर्धा. म्हणजे जिल्हा गांधीजींचा. शाळेची सहल ठरलेली: सेवाग्रामची बापू कुटी आणि पवनारचा विनोबांचा आश्रम. कुटीतल्या मातीच्या भिंतींसमोर आम्ही हात जोडून शहाण्यासारखे उभे राहायचो आणि परतीच्या एसटीत शेवटच्या सीटवर एकमेकांना लाथा घालायचो. दुसऱ्या बाजूला पुलगावचा लष्करी दारूगोळा डेपो, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. एकीकडे अहिंसा, दुसरीकडे दारूगोळा. मधोमध वाढणाऱ्या पोट्ट्यांनी यातलं काय उचलावं? आम्ही नुसता पाय उचलला.

सगळा दोष व्हिडिओचा. 1982च्या दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर पसरला, आणि लग्न असो की दुर्गादेवी, रात्रीच्या भाड्यावर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं बिऱ्हाड आमच्याकडे उतरायला लागलं. पहिली कॅसेट देवाची, दुसरी बायामाणसांना रडायची, तिसरी पोट्ट्यांसाठी मारधाडची. तिसरी लागेपर्यंत बाया लेकरं घेऊन घरी गेलेल्या असत आणि माणसं बसल्या जागी घोरत असत. ती कॅसेट कॉपीच्या कॉपीची कॉपी असायची. चेहरे धुवून निघालेले. नायक कोण आणि खलनायक कोण हे चड्डीच्या रंगावरून ओळखायचं.

भाषा इंग्रजी. पण आमच्यात दहावीच्या इंग्रजीला दोनदा बसलेला एक दादा होता. दोनदा बसल्यामुळे त्याचा अभ्यास दुप्पट झाला असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. नायक अर्धा मिनिट बोलला की दादा सांगायचा, ‘‘मी तुले सोडत नाही म्हन्ते.’’ खलनायक बोलला की, ‘‘मीबी नाही सोडत म्हन्ते.’’ पुढे बऱ्याच वर्षांनी हेच सिनेमे मी इंग्रजी समजून पाहिले, तेव्हा कळलं की दादाने फारसं काही गाळलं नव्हतं.

या सगळ्यांचा राजा म्हणजे 1989 सालचा ‘किकबॉक्सर’. त्यात जाँ-क्लोद व्हॅन डॅम हा बेल्जियमचा गडी अमेरिकन झाला आहे. त्याचा मोठा भाऊ थायलंडला टाँग पो नावाच्या लढवय्याशी झुंजायला जातो आणि कमरेखाली लुळा होऊन बसतो. मोठ्या भावाचं काम करणारा डेनिस अ‍ॅलेक्सिओ हा प्रत्यक्षातला विजेता किकबॉक्सर; म्हणजे त्या भावांत जो खरा होता तोच आधी आडवा झाला. टाँग पो पहिल्यांदा दिसतो तो सिमेंटच्या खांबाला लाथा घालताना, आणि वरून गिलावा पडत असतो. आमच्या घरचा गिलावा लाथेवाचूनच पडायचा, त्यामुळे प्रसंग ताबडतोब पटला. नामावलीत टाँग पोच्या पुढे नटाचं नाव नाही. टाँग पोचं काम खुद्द टाँग पोनेच केलं आहे, असं छापलंय. आम्हाला ते वर्षानुवर्षं खरं वाटलं. तो निघाला मिशेल किसी, मोरोक्कोत जन्मलेला आणि ब्रसेल्समध्ये व्हॅन डॅमबरोबर वाढलेला त्याचा लंगोटीयार. दोन जिवलग दोस्त थायलंडपर्यंत गेले आणि कॅमेऱ्यापुढे एकमेकांचे वैरी झाले. आम्ही ते रोज संध्याकाळी मारुतीच्या पारापाशी फुकटात करत होतो.

असा सिनेमा स्वस्तात कसा होतो, याचा उलगडा नंतर होत गेला. एक रिंगण उभारलं की अर्धा सिनेमा तिथेच उरकतो. संवाद बेताचे, म्हणून कुठल्याही देशात विकता येतो. लाथ तर लागतच नाही. पाय आणि गाल यांच्यातलं वीतभर अंतर दिसणार नाही अशा बाजूला कॅमेरा ठेवतात आणि ‘थाड’ हा आवाज मागाहून चिकटवतात. हाँगकाँगवाले सेकंदाला 24 ऐवजी 22 चौकटी टिपायचे. मग नेहमीच्या वेगाने दाखवलं की हात आपोआप चपळ होतात. व्हॅन डॅमची ठेवणीतली लाथ तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. ब्रूस ली 1973 मध्ये गेला, आणि त्याचा अर्धवट राहिलेला ‘गेम ऑफ डेथ’ 1978 मध्ये पुरा करताना एका दृश्यात आरशावर चक्क त्याच्या चेहऱ्याचा पुठ्ठा चिकटवला. हे कळलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमच्या गणपतीच्या नाटकात पुठ्ठ्याची तलवार होती, त्यांच्याकडे पुठ्ठ्याचा ब्रूस ली.

1978 मध्येच ‘ड्रंकन मास्टर’ही आला होता. आमच्याकडे पोचायला त्याला दहा-बारा वर्षं लागली. त्यात जॅकी चॅनचा गुरू दारू पिऊन लढतो आणि चेल्यालाही तीच विद्या देतो. झोकांडी हाच डाव. आमचा जिल्हा दारूबंदीचा. सिनेमा संपला तशी मागच्या अंधारातून कोणीतरी गंभीरपणे विचारलं, ‘‘याले परमिट कोनं देल्लं बे?’’ बंदी होती म्हणून ती शैली आम्ही पाहिलीच नव्हती अशातला भाग नाही. फक्त त्या शैलीत कोणाला जिंकताना पाहिलं नव्हतं.

या साऱ्या विद्येला घरात एकच विरोधक होता, आमचे आबाजी. तरुणपणी ते दंगलीत कुस्त्या खेळलेले. व्हिडिओपुढे बसले की पाच मिनिटांत अस्वस्थ व्हायचे. ‘‘त्यानं पाय वर केला न, तं धराचा अन् उलटवाचा. दोन मिन्टाचं काम. घंटाभर काय नाचून राह्यले?’’ आम्ही त्यांना गप्प करायचो. पुढे वाचलं की थायलंडच्या मुए थाईत प्रतिस्पर्ध्याचा पाय धरणं खरोखरच चालतं. ‘किकबॉक्सिंग’ हे नाव मात्र थायलंडचं नाही. ते 1960च्या दशकात ओसामू नोगुची या जपानी आयोजकाने रूढ केलं. आबाजींना दोन्ही देशांचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं दैवत अमरावतीचं, 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. तिथली पोरं 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. त्याच वर्षी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. आबाजी दोन्ही गोष्टी एकाच दमात, सारख्याच अभिमानाने सांगायचे.

आम्हाला मात्र हवी होती ती मधल्या म्हाताऱ्याची तालीम. ‘किकबॉक्सर’मधला झियान गुरुजी व्हॅन डॅमच्या पोटावर नारळ टाकतो, पायाला मांस बांधून मागे कुत्रा सोडतो, झाडाला लाथा मारायला लावतो. नाचणगावात नारळ देवाला फोडण्यापुरता. म्हणून आम्ही कवठ घेतलं. नारळापेक्षा लहान म्हणून कमी लागेल, हा अंदाज चुकला. मांस कोणाच्या घरून मिळेना, म्हणून पायाला पोळी बांधली. कुत्र्याने पोळी पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा झोपलं. कडुनिंबाला घातलेल्या लाथेनंतर उजवा अंगठा जो सुजला तो पोळ्यापर्यंत. बाकी अंगणात पाणी भरणं, गोठा झाडणं, तुराट्यांचे भारे उचलणं हे घरचे रोज सांगत होतेच. पण पाठीमागे वाद्यं वाजत नसल्यामुळे ती तालीम आहे हे आम्हाला कळलं नाही.

खरी व्यायामशाळा होती कापसाची खोली. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात यायचा आणि खोली आढ्यापर्यंत पांढरी व्हायची. खिडकीच्या कठड्यावर चढायचं, हवेत पाय फेकायचा, जमेल तसं किंचाळायचं आणि पाठीवर पडायचं. पडल्याचा आवाज नाही, दुखणं नाही. नंतर रात्रभर अंग खाजायचं, तेवढंच. बाबा ओरडायचे, ‘‘ग्रेड पडते न बे त्याची!’’ कारण कापूस विकायचा तो सरकारलाच. महाराष्ट्रात 1972 पासून एकाधिकार खरेदी होती. खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या. बैल सोडून, बंडीखाली चादर अंथरून दोन-दोन रात्री काढायच्या, मग ग्रेडर मूठभर कापूस उचलून बोटांनी उकलणार आणि एक शब्द बोलणार. त्या वर्षी आमची बंडी रांगेतच होती आणि रात्री अवकाळी पाऊस आला. ताडपत्री होती, पण बंडीपेक्षा लहान. बाबा आणि आबाजी दोघं सकाळपर्यंत तिची टोकं धरून उभे होते. कापूस भिजला तो भिजलाच. ग्रेडर तो एक शब्द बोलला. घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले आणि ताडपत्री वाळत घातली.

पुढच्या मे महिन्यात एका लग्नात ‘किकबॉक्सर’ पुन्हा लागला. त्या रात्री आबाजी कसे कोण जाणे, शेवटपर्यंत जागे राहिले. दोघांनी मुठींना दोर गुंडाळले, त्यावर काचेचा चुरा लावला, व्हॅन डॅम नेहमीप्रमाणे आधी पुष्कळ मार खाऊन मग जिंकला. आम्ही शिट्ट्या मारल्या. अंधारात घरी येताना मी विचारलं, ‘‘आबाजी, कसा वाटला?’’

‘‘तो शेंडीवाला,’’ आबाजी म्हणाले, ‘‘तेवढ्यापुरता भला मानूस हाय.’’

शेंडीवाला म्हणजे टाँग पो. त्याने सिनेमाभर केलेलं एकही काम भलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘काहून?’’

‘‘पोरगं शिकेपर्यंत थांबला न बाप्पा. कोन थांबते?’’

मला हसू आलं. आबाजी हसले नाहीत. काठी टेकत पुढे गेले.

पंधरा दिवसांनी मृग लागलं. बाबांनी सरकीची थैली आणून रिकाम्या खोलीत ठेवली, आणि एक नवी ताडपत्री, आधीचीपेक्षा मोठी. मला बजावलं, यंदा खोलीत लाथा चालणार नाहीत. मी मान हलवली. कापूस घरात यायला अजून पाच महिने होते, आणि तोवर टाँग पो कुठे जात नव्हता.