साप म्हणू नये धाकला

आमच्या आईच्या राज्यात कुणी उपाशी जाऊ शकत नाही. मागे एकजण उधारीच्या वसुलीला आला, तर दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन गेला; वसुली राहून गेली. असल्या घरात, शेवगावात, आठवड्यातून एकदाच जेवणारा आणि तेही मन झालं तरच जेवणारा पाहुणा अकरा दिवस राहिला. आई अजून तो विषय निघाला की खालच्या आवाजात बोलते.

पाहुणा म्हणजे पुण्याच्या पुतण्याचा अजगर. अजगर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बोकड गिळून पडलेलं धूड येतं, म्हणून लगेच सांगतो, हे पिल्लू होतं. लांबी हातभर, जाडी पाण्याच्या रबरी नळीएवढी, वजन माझ्या दुकानातल्या बियाण्याच्या काट्यावर 118 ग्रॅम. जात बॉल पायथन, मूळ मुलूख आफ्रिका. घाबरला की हा फणा काढत नाही की अंगावर येत नाही. डोकं मधोमध दडवून अंगाचा चेंडू करतो आणि गप्प पडून राहतो. आमच्याकडे निवडणुकीच्या दिवसांत बरेच शहाणे लोक असंच करतात.

पुतण्याच्या घरमालकिणीला खोलीत साप असल्याचा सुगावा लागला होता आणि त्याला कंपनीच्या कामाला परगावी जायचं होतं. आषाढ संपत आला होता. रविवारी दुपारी तो गाडीतून प्लास्टिकचा मोठा डबा घेऊन उतरला. मी आधी कायद्याचं विचारलं, कारण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने देशी साप पाळता येत नाही. नाग, घोणस, एवढंच काय पण गरीब धामणसुद्धा 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत जाऊन बसली आहे. पुतण्याने मोबाइल काढला. परदेशी प्राण्यांची आता केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते, ती त्याने केली होती. मी बारकाईने वाचलं. आमच्या सातबाऱ्यापेक्षा सापाचे कागद स्वच्छ होते.

"नाव काय?" आईने विचारलं.

"नूडल."

"म्हंजे शेवयाच की," आई म्हणाली, आणि त्या क्षणापासून तो शेवया झाला.

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने त्या डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला." पहिला अर्धा भाग डब्याला होता.

पुतण्या जाताना दोन पानी सूचना लिहून गेला. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: 'भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नसावं.' एवढ्या पिल्लाला बारा-पंधरा ग्रॅमचा एक उंदीर, सहा-सात दिवसांतून एकदा. जिवंत द्यायचा नाही, कारण कोपऱ्यात सापडलेला उंदीर उलटून सापालाच चावतो. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचा, अंगाला ऊब आणायची, कोरडा करायचा आणि लांब चिमट्याने समोर धरायचा. मला एकदम घाम फुटला. मी तीस वर्षं या गावात झिंक फॉस्फाईड विकलं आहे. या तालुक्यात माझ्याइतके उंदीर मांजरानेही मारले नसतील. आणि उतारवयात मी उंदराला कोमट पाण्याने आंघोळ घालणार होतो.

बर्फाच्या डब्यातून चार पांढरे उंदीर आले होते. ते ठेवायचे कुठे? घरच्या फ्रीजचं नाव काढायची सोय नव्हती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, नाथषष्ठीला ती अजून पैठणला जाते. शेवटी दुकानातल्या जुन्या फ्रीजमध्ये, खाली मित्रकीटकांची ट्रायकोकार्डं आणि वर बर्फाच्या कप्प्यात ते चार जण, अशी सोय केली. दुसऱ्याच दिवशी कपाशीचं औषध न्यायला आलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने थंड पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडला. त्याने चुकून वरचा कप्पा ओढला. बराच वेळ आत बघत राहिला. मग दार हळूच लावून म्हणाला, "काका, धंदा बरा चाललाय ना?"

मंगळवारी पहिलं जेवण. पुतण्या चिमटा द्यायला विसरला होता आणि बायकोने घरातले सगळे चिमटे, सांडशीसकट, कपाटात घालून किल्ली कनवटीला लावली होती. मी दुकानातून फवारणीच्या पंपाची बारीक जाळी काढायचा लांब चिमटा आणला. उंदीर मगात मऊ केला. समोर धरला. शेवयाने जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. मी हलवला. त्याने तोंड फिरवलं. मी त्या बाजूने धरला. त्याने चेंडू केला.

मागून आवाज आला, "आरं, तुझा हात थरथरतोय म्हणून खात न्हाई त्ये. जरा मायेनं दे."

मांसाहाराच्या नावाने पदर नाकाला लावणारी आई दारात येऊन उभी होती. अर्धा तास आग्रह झाला. आमच्या घरातला आग्रह साधा नसतो, 'माझी शप्पथ' इथपर्यंत जातो. पण सापाला बाहेरून कान नसतात, त्याला मुख्यतः जमिनीची थरथर कळते. शप्पथ फुकट गेली. रात्री पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, जागा बदलली की खात नाही. ही जात महिना-महिना उपाशी राहते. टाकून द्या तो, परत गोठवू नका, आणि आठवडाभर विचारूही नका."

आठवडाभर विचारूही नका! दोन वेळा जेवून वजन उतरवणारे दीक्षित डाएटवाले आमच्या गल्लीत आहेत, चातुर्मास करणारे आहेत; पण एखाद्याला मुद्दाम आठवडाभर जेवायला विचारायचं नाही, हे व्रत आईने कधी ऐकलं नव्हतं. तिने विचारणं सोडलं, पण दर दोन तासांनी डब्याजवळ जाऊन नुसतं खाकरायची.

जेवणाचं जमेना म्हणून सगळा जोर पाण्यावर आला. सूचनेत लिहिलं होतं: जड भांडं, उपडं न होणारं, साप आत बसू शकेल एवढं, पाणी रोज ताजं. स्टीलची वाटी त्याने पहिल्याच रात्री कलंडवली. मग लोणचं कालवायची चिनीमातीची कुंडी गेली. ती परत येणार नाही, हे बायकोने ती देतानाच जाहीर केलं. आमच्या गावात नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी घरात बारशासारखी धावपळ असते, आणि ड्रम, टाक्या, कळशा भरून ठेवून पुढचे दिवस ढकलायचे असतात. अशात शेवया त्या कुंडीत बसायचा, त्यातच घाण करायचा आणि पुन्हा नव्या पाण्याची वाट बघायचा. "आपण तांदळाचं धुवण झाडाला घालतो," बायको म्हणाली, "आणि ह्यांना दिवसातून दोनदा ताजं पाणी. नाथसागर ह्यांच्यासाठीच बांधलाय."

गुरुवारी तर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यातच. आई म्हणाली, आंघोळ करतंय लेकरू. मी घाबरून फोन लावला. पुतण्या म्हणाला, "डब्यात गरम होतंय काका. खालची तापवायची चटई किती अंशांवर आहे? उबेच्या बाजूला 32, त्याच्या वर नको." मी पाहिलं, 36. बटण फिरवलं. तासाभरात स्वारी बाहेर. कुंडीत बसून त्याने तक्रार नोंदवली होती आणि मी ती हौस समजत होतो.

मधल्या काळात श्रावण लागला आणि बघ्यांची रीघ सुरू झाली. निम्म्यांनी त्याला घोणस ठरवलं. अंगावरचे तपकिरी ठिपके बघून ही चूक होते. पण उलटी चूक, म्हणजे घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात लावणं, ही माणसाला दवाखान्यात नेते, तेव्हा मी प्रत्येकाला तेवढं मात्र बजावून सांगत होतो. एकजण म्हणाला, "मळ्यात सोडा ना आमच्या, उंदरांनी बाजरी ठेवली नाही." मी म्हणालो, हा आफ्रिकेचा, याला सोडायचा नसतो, तुझ्या बांधावर धामण आहे ना, तिला काठी घेऊन धावतोस ते बंद कर. माणूस विचारात पडला. मग निघताना उंदराच्या औषधाची दोन पाकिटं घेऊन गेला. मीही पैसे घेतले.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी आईने दूध तापवून निवायला ठेवलं. मला अंदाज आला.

"आई, त्याला दूध द्यायचं नाही."

"पंचमीला न्हाई द्यायचं तर कवा? गारुडी यायचा टोपली घेऊन, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय नाग दूध पिताना."

तिने बघितलं होतं, हे खरं. मग मी तिला त्या टोपलीतलं सांगितलं. साप दूध पचवू शकत नाही, त्याला ते हवंही नसतं. पंचमीच्या आधी कित्येक दिवस नागाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दात पाडायचे, कधी तोंडही शिवायचं. मग त्या दिवशी समोर वाटी आली की तो जे ओलं मिळेल त्यात तोंड बुडवतो. पुष्कळ नाग त्यानंतर काही दिवसांत मरत. बत्तीस शिराळ्यालासुद्धा उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या.

आई बराच वेळ काही बोलली नाही. "म्हंजे त्यो तान्हेला व्हता," ती म्हणाली. "आन आम्ही दक्षिणा देत व्हतो."

दुधाचं विरजण लागलं.

मंगळवारी पंचमी. घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं वाफवली, वारुळाला लाह्या वाहून झाल्या. आणि शेवयाच्या जेवणाचा वारही तोच. मी उंदीर मगात टाकला. बायको म्हणाली, "आज?" मी म्हणालो, यात चिरणं नाही, तळणं नाही, भाजणं तर नाहीच नाही. शास्त्राने मला कुठे अडवता येईना.

या वेळी मी उंदराचं डोकं जरा जास्त गरम पाण्यात बुडवलं. या जातीच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला समोरची ऊब दिसते. चिमटा डब्यात गेला. शेवयाची मान इंग्रजी एससारखी वळली, आणि पुढचं मला दिसलंच नाही. चिमटा रिकामा होता. उंदराभोवती तीन वेढे होते. मी ओरडलो, बायको पळाली, आई पुढे आली. मग बघत बसलो. डोक्याकडून सुरुवात. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीला हाडाने जोडलेले नसतात. डावी बाजू पुढे, मग उजवी, मग डावी, असा तो जबडा उंदरावरून चालत गेला. जाड्या माणसाने तंग सदरा अंगात चढवावा तसं. शेवटी शेपटीचं टोक तेवढं ओठांतून बाहेर राहिलं, तेही गेलं. मग त्याने भलीमोठी जांभई दिली.

आषाढ संपता संपता, सगळं गाव खात असताना, यानं सोवळं पाळलं; आणि मोडलं ते श्रावणात, पंचमीला, माळकरणीसमोर. आईने हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

रात्री नऊला वीज गेली. बाहेर पाऊस, हवा गार, आणि सूचनेत ठळक अक्षरांत: 'खाल्ल्यावर ऊब नसेल तर पचत नाही, ओकून टाकतो. दोन दिवस हात लावू नये.' चटई गार पडत चालली. मी मेणबत्ती घेऊन डब्याभोवती फिरत होतो, तेवढ्यात आई आतून तिची गुडघे शेकायची रबरी पिशवी घेऊन आली. गरम पाणी भरलं होतं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता.

"डब्याच्या खाली सरकव. आत नको, भाजंल त्याला."

दोनदा पाणी बदललं. पहाटे अडीचला वीज आली, तेव्हा आई डब्याशेजारी खुर्चीत बसूनच झोपली होती. आत शेवया वेटोळ्यातून बाहेर आला, कुंडीच्या काठावर हनुवटी टेकली आणि तोंडाचं टोक पाण्यात बुडवलं. जीभ नाही, लपलप नाही. नुसता गळा हलत होता, बारीक, एका तालात.

गुरुवारी संध्याकाळी पुतण्या आला. त्याने पोट पाहिलं, काट्यावर वजन घेतलं, 127 भरलं. आजीच्या पाया पडला आणि डबा गाडीत ठेवला. आईने त्याला दिंडं बांधून दिली.

पिशवी तिने पुन्हा गुडघ्याला लावली नाही. मी म्हणालो, नवी आणतो बाजारातून.

"दोन आण," ती म्हणाली.