आमचं सत्र, तुमचं सत्र

जबलपूरच्या मराठी माणसाने पुण्याच्या नातेवाइकांशी फोनवर मुलांच्या शाळेविषयी बोलू नये. बोलणं भागच असेल, तर 'सत्र' हा शब्द तरी टाळावा. महाराष्ट्रात सत्र म्हणजे अर्धं वर्ष. पहिलं दिवाळीच्या सुट्टीपाशी संपतं, दुसरं उन्हाळ्यात. आमच्याकडे हिंदीच्या शेजाराने सत्राने अख्खं वर्षच गिळलंय. 'सत्र २०२५-२६' म्हटलं की वर्षाचा हिशेब पुरा. मधे येतात त्या तिमाही आणि छमाही.

धाकट्याला कावीळ झाली तेव्हा मी मावशीला म्हटलं, "याचं सत्र वाया जातंय बहुतेक."

"जाऊ दे रे," मावशी म्हणाली, "दिवाळीनंतर दुसरं आहेच की!"

पुढे एप्रिलात तिचाच फोन. "संपलं का सत्र? मग पाठव पोरांना."

"अगं, आत्ताच सुरू झालंय."

या उन्हात? हो, या उन्हात. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांचं सत्र हल्ली १ एप्रिलला उघडतं. प्रवेशोत्सव होतो, पोरांना टिळे लागतात. पुस्तकांना खाकी कव्हरं घालून होतात न होतात तोच मे महिन्याची सुट्टी लागते आणि शाळा पुन्हा भरते ती जूनच्या मध्यावर. साखरपुडा एप्रिलात, लग्न पावसाळ्यात. आमच्या लहानपणी सगळं एकदाच, जुलैत, चिखलासकट व्हायचं.

खरं तर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती, राजधानीही नागपूरच. दुसऱ्या दिवशी वाटण्या झाल्या. नागपूर तिकडे गेलं आणि त्याला वर्षाला दोन सत्रं मिळाली. आमच्या वाट्याला एकच आलं. मराठी वर्तमानपत्रांकडे तर सत्रांचा साठाच आहे. तिथे चोऱ्यांचं सत्र, अपघातांचं सत्र. आणि त्यातला चोर सापडला की सत्र न्यायालय.

मावशीच्या समाधानासाठी जुन्या पोथ्यांकडे वळलो. मूळचं सत्र म्हणजे लांबलचक यज्ञ. नैमिषारण्यात शौनकांचं सत्र बारा वर्षांचं होतं आणि सूताने महाभारत सांगितलं ते तिथेच. पहिली ते बारावी बरोबर बसते! एक फरक मात्र मोठा. सत्रात सगळे ऋत्विज स्वतःच यजमान असत, त्यामुळे दक्षिणा द्यायची भानगडच नव्हती.

असं बिनदक्षिणेचं सत्र तुमच्या गावी कुठे चालू असेल, तर जरूर कळवा. आमचा एप्रिलचा हप्ता अजून भरायचाय.