तिसरा रकाना

सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या वहीत एक तक्ता हमखास असतो. मधोमध पट्टीने मारलेली रेघ. डावीकडे कोळसा, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू. उजवीकडे ऊन, वारा, पाणी, लाकूड, गोबरगॅस. डावीकडचं संपणारं, उजवीकडचं न संपणारं. पाठ करा, लिहा, गुण घ्या. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातलं मूल हाच तक्ता लिहितं, आणि सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात रावेरचं मूलही हाच लिहितं. तक्ता चुकीचा नाही. अर्धा आहे. आणि विज्ञान अर्धं शिकवलं की त्याची किंमत पुढे शेतात आणि नळावर मोजावी लागते.

पुस्तकांचंच बघा. एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञानात 'कोळसा आणि पेट्रोलियम' हा धडा वर्षानुवर्षं होता. त्यात जंगल आणि वन्यजीव संपणाऱ्या साधनांत, थेट कोळशाच्या शेजारी बसवलेले. त्याच इयत्तेच्या भूगोलात मात्र जंगल पुन्हा भरून येणाऱ्या साधनांत, आणि सोबत सूचना की बेफिकिरीने वापरलं तर साठा घटतो. एकच मूल, एकच वर्ष, एकच दप्तर. आता त्याने काय लिहायचं? दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. ती दोन्ही बरोबर कशी, हे सांगायला त्या तक्त्यात जागा नाही. त्यासाठी तिसरा रकाना आखावा लागतो: साधन भरून येतं किती वेगाने, आणि आपण ते उपसतो किती वेगाने?

हा रकाना भरायला बुऱ्हाणपूरइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

डावी बाजू आधी उरकू. बुऱ्हाणपुरात वीज म्हणजे लूम. गल्लीगल्लीत खडखडणाऱ्या लूममधून कोरं कापड उतरतं. एका लूमची मोटर एक हॉर्सपॉवरची धरा, म्हणजे ७४६ वॉट. पूर्ण भारावर बारा तास चालली तर जवळपास ९ युनिट वीज. कोळशाच्या केंद्रात एक युनिट तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका लूमच्या एका पाळीमागे सुमारे सहा किलो कोळसा, रोज. ही त्रैराशिकं सातवीच्या मुलाला येतात, पण त्याला ती कुणी घालत नाही. त्यामुळे कोळसा त्याच्या लेखी पुस्तकातल्या चित्रातच राहतो, कारण गावात तो दिसत नाही.

तो दिसतो शेजारच्या खंडवा जिल्ह्यात. मूंदीजवळ श्री सिंगाजी औष्णिक विद्युत केंद्र आहे, क्षमता २,५२० मेगावॉट. निमाडच्या संत सिंगाजींचं नाव त्याला दिलेलं आहे. सगळे संच पूर्ण क्षमतेने चालले तर वरच्याच हिशेबाने तासाला सोळाशे टनांच्या आसपास कोळसा लागेल. एका मालगाडीत साधारण चार हजार टन मावतो. म्हणजे दर अडीच तासांनी एक अख्खी गाडी रिकामी व्हायला हवी. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र मिसळते, त्यामुळे अमुक लूमला अमुक खाणीचा कोळसा असं बोट दाखवता येत नाही, पण हिशेब बदलत नाही. आणि हा कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. भरून येण्याचा वेग माणसाच्या मापाने शून्य, उपसण्याचा वेग अडीच तासांना एक मालगाडी. तिसरा रकाना भरला. इथे दोन्ही पुस्तकांचं एकमत आहे, माझंही आहे.

आता उजवी बाजू. खरं शिकवायचं ते इथे आहे.

लाकूड घ्या. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातच नेपानगर आहे, नेपा कागद कारखान्याचं गाव. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला. सातपुड्यातला बांबू आणि सालई हा त्याचा कच्चा माल ठरला होता. बांबू तर गवताच्या कुळातला, तोडला की पुन्हा फुटतो, उजव्या रकान्याचा हक्काचा मानकरी. पण गिरणी रोज खाते आणि बेट आपल्या गतीने वाढतं. पुढे कारखाना बांबू-सालई सोडून जुन्या रद्दीवर कागद करू लागला. चुलीचंही तसंच. डोक्यावरून येणारी मोळी वाळक्या काटक्यांची असेल तर जंगलाला ती जाणवतही नाही. ओल्या बुंध्याची असेल तर तेच लाकूड कोळशाच्या शेजारी जाऊन बसतं. विज्ञानाचं पुस्तक जंगलाला संपणारं म्हणालं ते म्हणूनच.

धरणाची वीज. खंडवा जिल्ह्यातच इंदिरा सागर, १,००० मेगावॉट. पाणी पावसाने भरतं, टर्बाइनमधून जातं, पुन्हा पावसाने भरतं. वेगाच्या कसोटीवर उत्तम. पण त्या पाण्याखाली हरसूद गेलं, २००४ मध्ये, अख्खं शहर. भरून येणारी ऊर्जा म्हणजे फुकटची ऊर्जा, असा समज मुलाच्या मनात बसू द्यायचा नसेल तर हरसूदचं नाव वर्गात घ्यावंच लागेल. मी तर म्हणतो, निमाडात आणि खानदेशात ते नाव न घेता जलविद्युत शिकवणं ही लबाडी आहे.

सूर्याबद्दल मला शंका नाही. ओंकारेश्वरच्या जलाशयावर सौर पॅनेल तरंगताहेत, ६०० मेगावॉटचा आराखडा आहे आणि पहिला टप्पा सुरू झालेला आहे. त्या पॅनेलसाठी वेगळी जमीन गेली नाही, गाव उठलं नाही. सिंधीपुऱ्याच्या कौलांवर आणि पत्र्यांवर जे ऊन पडतं ते आपण वापरलं काय नि न वापरलं काय, उद्या तेवढंच पडणार आहे. उपसण्याचा आणि भरण्याचा काही संबंधच नाही, असं साधन हेच. तक्त्यातलं निर्विवाद नाव.

राहिलं पाणी. पाण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे, कारण बुऱ्हाणपूरकडे त्याचा जो नमुना आहे तो देशात क्वचितच कुठे असेल.

कुंडी भंडारा. लोक खूनी भंडाराही म्हणतात. १६१५ च्या सुमारास, मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधलेला. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीच्या पोटातून तापीकडे सरकतो. त्या वाटेत आडवं भुयार खणलं. भुयाराला बारीकसा उतार दिला. वरून ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या गोल कुंड्या उतरवल्या, शंभराच्या वर, सगळ्या तळाशी त्या भुयाराने जोडलेल्या. पाणी भुयारात पाझरतं, उतारावरून आपल्या पायांनी शहराकडे येतं, जाली करंज इथे जमा होतं, आणि तिथून मातीच्या नळांनी वस्तीत वाटलं जायचं. मोट नाही, बैल नाही, मोटर नाही. इराणात हीच रीत कनात म्हणून चालते. आज एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे, खाली उतरून बघता येतं: डोक्यावर गोल आभाळ, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले, पायाशी वाहतं पाणी. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव लागलं.

पर्यटकाला इथे मोगल दिसतात. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र भुयाराच्या तळाकडे बोट दाखवावं. भुयाराचा तळ एकदा खणला की खणला. जमिनीतलं पाणी त्या तळाच्या वर असेल तेवढंच भुयारात येणार. पाऊस चांगला झाला, धार जाड. पाऊस हुकला, धार बारीक. शहराला कितीही तहान लागली तरी भुयार खाली वाकून पाणी ओढू शकत नाही. म्हणजे उपसण्याचा वेग भरण्याच्या वेगाला बांधलेला आहे, दगडात. हा संयम माणसाच्या स्वभावावर सोपवलेला नाही. तो बांधकामातच आहे. चारशे वर्षं ते टिकलं त्याचं कारण मला इथे दिसतं.

आता बोअरवेल बघा. पाणी खाली गेलं की मोटर खाली सोडा. अजून खाली गेलं, अजून पाइप जोडा. बोअरला ठरलेला तळ नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा, बुऱ्हाणपूरपासून रावेर-यावलपर्यंत, केळीचा पट्टा आहे. केळीला बारमाही पाणी लागतं, केळीनेच या भागाला पैसा दाखवला, आणि त्या पैशाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ठिबक इथल्या शेतकऱ्याने आपणहून उचललं. पण पायथ्याच्या या पट्ट्यातली भूजलाची पातळी खोल गेली हे कुणी नाकारत नाही. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन सरकारांनी मे २०२५ मध्ये तापी मेगा रिचार्जचा करार केला तो याचसाठी: पुराचं पाणी वळवून या पायथ्यातून पुन्हा जमिनीत मुरवायचं. ज्या पाण्याला वही न संपणारं म्हणते, ते पुन्हा भरायला दोन राज्यांना करार करावा लागतो!

२०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. खेड्यापाड्यांतल्या घरांत नळ आले, बायाबापड्यांची हंड्यांची पायपीट थांबली. फार मोठं काम झालं, आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. पण नळ म्हणजे साधन नव्हे, तोटी म्हणजे झरा नव्हे. नळामागे टाकी, टाकीमागे मोटर, मोटरमागे वीज आणि सगळ्याच्या तळाशी पाण्याची पातळी.

आणि आता दोन्ही नावं उजव्याच रकान्यातली असलेला पेच. २०१९ पासून कुसुम योजनेत सौर पंपाला अनुदान आहे. मी सौर पंपाच्या बाजूचा आहे. रात्री-अपरात्री लाइट येईल तेव्हा अंधारात, विंचवा-सापांत पाणी द्यायला जाणं ज्याने सोसलंय त्याला दिवसा चालणारा पंप म्हणजे सुटका आहे. पण ऊन फुकट, बिल शून्य, मग पंप बंद करण्याचं कारण काय? पूर्वी निदान भारनियमन थांबवायचं. आता सकाळी ऊन आलं की संध्याकाळपर्यंत पाणी वर. कधीच न संपणाऱ्या ऊर्जेने संपू शकणारं पाणी उपसायचं, आणि तक्त्यात दोघांना एकाच रांगेत बसवून दोघांनाही बरोबरची खूण करायची. हा घोळ मुलांच्या वहीत लक्षात आला नाही तर मोठेपणी स्वतःच्या शेतातही तो त्यांच्या लक्षात येणार नाही.

वाट योजनेतच आहे. कुसुमचा एक भाग असा आहे की पंप ग्रिडला जोडायचा आणि उरलेली वीज वितरण कंपनीला विकायची. मग पंप बंद ठेवला तर शेतकऱ्याला पैसे मिळतात. कुंडी भंडाऱ्याने जे उताराने साधलं ते इथे मीटरने साधता येईल. बुऱ्हाणपूर-रावेरच्या केळीपट्ट्यात हा भाग आधी आणायला हवा आणि ग्रिडपासून तोडलेले सुटे पंप नंतर, कारण इथे पाणी उन्हापेक्षा महाग आहे. वीज विकत घ्यायचा दर मात्र शेतकऱ्याला परवडेल असा ठेवावा लागेल. तो कवडीमोल ठेवला तर शेतकरी पाणीच उपसत राहील, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

शाळांनी निधीची वाट बघू नये. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतं. शाळेने दोनदा मोजली तरी पुरे, मे महिन्यात आणि नोव्हेंबरात. जवळची एक जुनी विहीर ठरवायची. कठडा पक्का हवा आणि शिक्षक शेजारी उभे हवेत. दोरीला दर हाताला गाठ, टोकाला वजन. वजन पाण्याला टेकलं की गाठी मोजायच्या, तारीख टाकून वहीत लिहायचं, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे द्यायची. नोव्हेंबरचा आकडा दरवर्षी जागेवर परत येतोय का, एवढंच बघायचं. येत असेल तर पाण्याचं नाव उजव्या रकान्यात शाईने लिहा. येत नसेल तर पेन्सिलीने.