थांबून खेळा!

आमच्या कॉलेजचा कबड्डीचा संघ लातुरात फायनल हरला. 30-29. हरण्याची आम्हाला सवय आहे, त्याचं काही नाही. पण हरायचं तर माणसानं परभणीत हरावं, गेला बाजार हिंगोलीत हरावं. तिथं लोक चहा पाजून गाडीत बसवून देतात. लातुरात हरणं म्हणजे सासरवाडीत पंगतीला बसल्या बसल्या विजार उसवण्यासारखं आहे. माझी तर सासरवाडीच लातूरची, त्यामुळं माझं दोन्हीकडून उसवलं.

नांदेडचं आणि लातूरचं नेमकं काय बिनसलंय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही गावं ‘तिकडं मराठवाड्यात’ असतात. आम्ही मात्र हिशेब ठेवून आहोत. मुख्यमंत्री घ्या. आमचे शंकरराव आणि अशोकराव, त्यांचे निलंगेकर आणि विलासराव. दोन-दोन, बरोबरी. 2009 साली महसूल आयुक्तालय नांदेडला जाहीर झालं, लातूर रस्त्यावर उतरलं, प्रकरण कोर्टकचेरीत गेलं आणि आयुक्तसाहेब राहिले छत्रपती संभाजीनगरातच. तो सामना अनिर्णित. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 ला झालं ते आमच्या विष्णुपुरीत, लातूरला उपकेंद्र. हा गुण आमचा. त्यावर ते ‘लातूर पॅटर्न’ काढतात, आम्ही गोदावरी काढतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या विषयाला आमच्या घरात बंदी आहे.

आता सामन्याचं सांगतो. दिवाळीनंतरचे दिवस, मॅट टाकलेली, दिव्यांचा लखलखाट आणि व्यासपीठावर प्रमुख पाहुणे. पाहुण्यांनी कबड्डीचा इतिहास सांगायला घेतला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं कबड्डी दाखवली होती, तिथून ते निघाले. 1990 च्या बीजिंग एशियाडला पोचेस्तोवर आमच्या पोरांचे तापवलेले स्नायू पार गार पडले. लातूरची पोरं मात्र व्यासपीठाच्या मागं दोरीवरच्या उड्या मारत होती. यजमानांना पाहुण्यांचा अंदाज असतो.

तरीही आम्ही चांगले खेळलो. चार मिनिटं उरली तेव्हा 29-24. आमचे सातही गडी मैदानात, त्यांचे पाच. अशा वेळी माणूस काय करील? अजून दोघं-तिघं टिपील, लोण चढवील आणि विषय संपवील. आमच्या सरांनी बाजूच्या खुर्चीवरून दोन्ही तळवे जमिनीकडं दाबले आणि ओरडले, “थांबून खेळा रे, थांबून!”

ही थांबून खेळण्याची विद्या ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई तीस सेकंदांची. आपला गडी जातो, मध्यरेषेच्या पलीकडं दोन पावलं टाकतो, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत भाजी मंडईत फिरल्यासारखा फिरतो आणि घड्याळ बघून परत येतो. गुण नाही, पण तीस सेकंद खाल्ले. अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. आणि समोरचा चढाईला आला की आपण पकडीच्या भानगडीत न पडता मागं सरकायचं. बोनस मागतोय? घेऊ द्या. एकाच गुणाचा तर प्रश्न.

त्यांनी बोनस घेतला. 25. आमचा गडी मंडईत फिरून आला. त्यांनी आमचा उजवा कोपरा टिपला. 26. आमचा गडी पुन्हा मंडईत. त्यांनी परत बोनस घेतला. 27. आता आमची तिसरी चढाई, करो या मरो. इथं सरांनी कहर केला. कॅप्टन दमलाय म्हणून त्याला ठेवून घेतला आणि बदली गड्याला पाठवलं, म्हणजे मरायचंच असेल तर निदान बदली मरेल. बदली इमानानं मेला. 28. आम्ही पाच उरलो. त्यांचा चढाईबहाद्दर आला, लांब पाय, त्याहून लांब हात. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा, दोघांना एका झपाट्यात शिवून तो आडवा पडला आणि बोटांनी मध्यरेषा धरली. 30.

शेवटची चढाई आमची, काही सेकंद बाकी. आता मात्र कॅप्टन गेला. समोर सात गडी, म्हणजे बोनस खुला. त्यानं उजवा पाय बोनस रेषेच्या आत टाकला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि परत आला. पंचांनी मान हलवली. बोनस घेताना मागचा पाय हवेत असावा लागतो. पंचांच्या मते तो मॅटवर होता. आमच्या मते हवेत होता. आमच्यातल्या काहींच्या मते तर दोन्ही पाय हवेत होते.

परतीच्या एसटीत आम्ही, पोरं आणि सर एकाच गाडीत. सर कंडक्टरच्या मागच्या सीटवर, कानाला मफलर. खेळाडू बसल्या बसल्या झोपले. जे खेळले ते झोपले, आम्ही जे नुसतेच ओरडलो त्यांना नांदेड येईस्तोवर झोप म्हणून आली नाही.

“कामून थांबवायलेत पोरांना, मला एवढंच सांगा,” तात्यांनी सुरुवात केली. तात्या 1980 च्या आसपास आमच्या कॉलेजकडून हुतूतू खेळले असं ते स्वतः सांगतात. “पाच गुणांची आघाडी! आमच्या वेळी असती तर लोण दिला असता आणि घरी जाऊन जेवलो असतो.”

बबलू मेडिकलवाला लगेच अहमदाबादला पोचला. कुठलीही चर्चा अहमदाबादला नेणं ही त्याची खोड आहे. “19 नोव्हेंबर 2023,” तो म्हणाला, आणि सगळ्या गाडीवर सुतक उतरलं. “दहा ओव्हरला 80. पुढच्या चाळीस ओव्हरमध्ये चौके किती? चार! राहुलचे 107 चेंडूंत 66, त्यात चौका एक. थांबून खेळले. झाले किती? 240. तो हेड काय थांबून खेळला का? 137 ठोकून गेला. सात ओव्हर राखून हरलो राव. त्याच्या आधी लागोपाठ दहा सामने जिंकलेला संघ!”

“तिथं दोन विकेट पडल्या की तिसरी गेली होती, अय्यरची. मग थांबावं लागतंच की,” मी म्हणालो. मी विमा एजंट आहे, थांबणाऱ्या माणसाची बाजू घेणं मला धंद्यानं शिकवलंय.

“तुम्ही गप बसा, तुमची सासरवाडी लातूरची,” असं म्हणून माझं मत बाद ठरवण्यात आलं.

मागच्या सीटवरून मास्तर म्हणाले, “2018 चं जकार्ता विसरले सगळे. 1990 पासून दर एशियाडला कबड्डीचं सुवर्ण आपलं. जकार्तात सेमीफायनलला इराणनं 27-18 नं लोळवलं. आणि बायकांची फायनल, 27-24, तीही इराणलाच. त्या इराणच्या पोरींची कोच कोण होती? शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या!”

“मग त्यांनाच बोलवा की आपल्या कॉलेजला,” कुणीतरी म्हणालं. मफलर किंचित हलल्यासारखा वाटला.

सर्वांत जहाल होते आबा. “डेअरिंग पायजे, डेअरिंग!” असं ते दर पाच किलोमीटरला म्हणत होते. आबांची लोह्याकडं जमीन आहे. 2021 च्या ऑगस्टात लातूरच्या आडतीत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं, ते त्यांनी पेपरात वाचलं, तेव्हा घरात एक पोतं नव्हतं. त्यानंतर निघालेलं सोयाबीन ‘दहाचा भाव परत येतोय’ म्हणून त्यांनी थप्पीला लावलं. सात हजार झाला, विकलं नाही. सहा झाला, विकलं नाही. थप्पीवर थप्पी चढली, घरात उंदरांची तिसरी पिढी झाली आणि शेवटी 4600 च्या हमीभावाच्याही खाली सगळं एकदम घालून आले. आबांइतकं थांबून खेळलेला माणूस तालुक्यात नाही.

बबलूचंही सांगायला हरकत नाही. त्याचा मुलगा नीट दुसऱ्यांदा देतोय. शिवाय बी.फार्म.चा फॉर्म भरलाय, बी.एस्सी.चाही भरलाय, आणि तलाठी भरतीची पुस्तकं घेऊन ठेवलीत, असू द्यावीत म्हणून. मुलगा क्लासला कुठं आहे म्हणाल, तर लातुरात. ही गोष्ट बबलूनं आमच्यापासून वर्षभर लपवली होती. मीच बायकोच्या माहेरून शोधून काढली.

शिरूर ताजबंदला गाडी चहाला थांबली. सर उतरले, कटिंग घेतला, बाजूला उभे राहिले. त्यांच्याकडं कुणी जावं यावर खलबत झालं. पाच गुणांची आघाडी असताना पुढं व्हा म्हणणारी सगळी माणसं आता एकमेकांना पुढं ढकलू लागली. अखेर तात्या गेले, आम्ही त्यांच्या पाठीमागं साखळी धरून.

“सर, राग मानू नका. पण कामून थांबवलं पोरांना?”

सरांनी चहा संपवला. ग्लास फळीवर ठेवला. “दोन वर्षांखाली नाही थांबवलं तात्या. सहा गुणांनी पुढं होतो. सोडलं पोरांना, मारा म्हणलं. तिघं लागोपाठ पकडीत गेले, आपल्यावरच लोण चढला. आठवतंय?”

“हौ.”

“त्यानंतर प्राचार्यांकडं एक अर्ज आला होता. ‘प्रशिक्षकांच्या बेजबाबदार आक्रमणामुळे महाविद्यालयाची नाचक्की.’ खाली अकरा सह्या. पहिली तुमची.”

तात्यांनी आमच्याकडं वळून पाहिलं. साखळी केव्हाच सुटली होती.

“शब्द मास्तरांचे होते,” तात्या म्हणाले.

“झेरॉक्स आहे माझ्याकडं,” सर म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

एवढं झाल्यावर चर्चा बंद पडावी असं कुणालाही वाटेल. कुणालाही म्हणजे ज्यानं कधी हरलेल्या संघाबरोबर प्रवास केलेला नाही त्याला. अहमदपूर यायच्या आत नवा सिद्धांत तयार होता. तेव्हा थांबायला पाहिजे होतं, तेव्हा सरांनी मारलं. आता मारायला पाहिजे होतं, तेव्हा थांबवलं. चूक वेगवेगळी, माणूस एकच. मास्तरांनी तर या मजकुराचा अर्ज तोंडी रचायलासुद्धा घेतला. माझं प्रामाणिक मत विचाराल तर सर चुकलेच. थांबायला हरकत नव्हती, पण बोनस आयता द्यायचा नव्हता आणि कॅप्टनला बसवायचं नव्हतं. मात्र हे मत मी गाडीत मांडलं नाही. सासरवाडी.

माळेगावच्या पुढं रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, नुसता काळोख चालल्यासारखा. आमचा ड्रायव्हर तरणा होता. त्यानं पहिला ट्रॅक्टर मागं टाकला, समोरून ट्रकचा उजेड येत असताना दुसऱ्याच्या बाजूला गाडी काढली, आणि सगळ्या गाडीतून एकच आरोळी उठली, “अरे हळू! थांब की बाबा! कशाला घाई?” सर्वांत वरचा आवाज आबांचा होता. बबलूनं पुढच्या सीटचा दांडा घोटा पकडल्यासारखा दोन्ही हातांनी धरला. ड्रायव्हरनं गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागं घेतली. खेळाडूंपैकी कुणी जागं झालं नाही. मफलरच्या आतून मात्र खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला, तो बराच वेळ चालला.

लोह्याच्या अलीकडं माझा फोन वाजला. मेहुणा. दिवसभर तो समोरच्या बाजूला हलगी वाजवत होता, आणि आता माझं उट्टं काढायलाच फोन केला असणार. उचलावा की नाही या विचारात सहा रिंगा गेल्या. शेवटी उचलला.

“दाजी, पोचलात का?” आवाज पडलेला होता.

“जायलोत. अभिनंदन.”

“कसलं अभिनंदन! आम्ही सगळे इथं गोलाईत उभे आहोत. डोकं उठलंय नुसतं. आमच्या कोचला काढायला पायजे, दाजी.”

“जिंकलात की रे!”

“एका गुणानं! घरच्या मैदानावर! शेवटच्या चार मिनिटांत तुमची पोरं झोपली म्हणून वाचलो. पूर्वार्धभर आमच्या येड्यानं पोरांना काय सांगितलं माहितंय? रिस्क घेऊ नका म्हणे. लई भित्रा माणूस आहे हो. आम्ही उद्या प्राचार्यांना भेटायलोत.” मग तो जरा थांबला. “तुमच्याकडं ते मास्तर आहेत ना, अर्ज चांगला लिहितात म्हणं. जरा देता का त्यांना?”

मी फोन मागं मास्तरांकडं दिला.