दोन विषयांत प्रथम श्रेणी

पुणेकरांनो, अभिनंदन! तुमच्या स्कूटरच्या टाकीत आता एक पंचमांश शेतमाल आहे. कारखान्याचे चेअरमन म्हणतात तो ऊस. प्रत्यक्षात मका आणि तांदूळही भरपूर. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे, २०३० साली गाठायचे उद्दिष्ट सरकारने २०२५ मध्येच गाठले. आपल्याकडे एखादी गोष्ट पाच वर्षं आधी होते, इथेच खरं तर शंका यायला हवी होती.

हवेची मात्र शंका नको. नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो, या मिश्रणामुळे, म्हणजे ई-२० मुळे, कार्बन मोनॉक्साइड दुचाकीत सुमारे ५० टक्के घटतो, चारचाकीत ३०. हायड्रोकार्बन २० टक्क्यांनी. कारणही पटण्यासारखं आहे: इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ज्वलन जास्त पूर्ण होतं.

आणि योगायोग पाहा. कोपऱ्यावरचा पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी खुपसून पेट्रोलच्या गाडीत याच दोन वायूंची चौकशी करतो, तीही गाडी जागेवर उभी असताना. पोराचा जो अभ्यास झालाय, तेवढाच पेपरात! नायट्रोजन ऑक्साइड? अहवालाला त्यात ठाम कल दिसला नाही. इंजिनागणिक बदलतो म्हणे. अ‍ॅसिटाल्डिहाइड? ते वाढतं, प्रमाण कमी असलं तरी. हेही त्याच अहवालात आहे, पण भाषणात कुणी घेत नाही. शिवाय जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी पडतं, म्हणजे तेवढ्याच अंतराला इंधन अधिक लागतं.

ब्राझीलमध्ये हा प्रयोग १९७५ पासून चालू आहे. साओ पावलोत इथेनॉल महागल्यावर लोक पेट्रोलकडे वळले, तर शहरातला ओझोन सुमारे २० टक्क्यांनी उतरला, असं २०१४ च्या अभ्यासात निघालं. इथेनॉलविरोधक टाळ्या वाजवेपर्यंत २०१७ चा दुसरा अभ्यास उजाडला: त्याच शहरात पेट्रोलचा वापर वाढला तेव्हा हवेतले अतिसूक्ष्म कणही वाढले होते. हवा कुठल्याच पक्षाची सभासद होत नाही, ही तिची जुनी खोड.

म्हणून परिवहन खात्याला एकच विनंती. पीयूसीच्या कागदावर नायट्रोजन ऑक्साइडचा आणि अ‍ॅल्डिहाइडचा असे दोन रकाने वाढवा. पावतीमागे दहा रुपये जास्त घ्या. आम्ही पुणेकर असूनही देऊ.