केस अवघड आहे

डिफ्रॅग करणाऱ्याला करायचं काहीच नसतं. बटण दाबायचं आणि गंभीर चेहरा करून बसायचं. विंडोज ९८ च्या काळात एवढ्या भांडवलावर मी आमच्या सोसायटीत तज्ज्ञ म्हणून मिरवलो. ‘मशीन स्लो झालंय’ असा निरोप आला की पोह्यांच्या बेताने पोचायचो, ‘शो डिटेल्स’ दाबायचो आणि दरडावायचो, “आता कुणी हात लावायचा नाही.”

त्या ‘शो डिटेल्स’बद्दल जरा सांगू द्या. नको म्हणालात तरी सांगणार आहे. पडदाभर चिमुकले चौकोन. वाचला जात असेल तो हिरवा, लिहिला जात असेल तो लाल. आतून डिस्कची करकर. घरातली माणसं मालिका सोडून ते बघत बसायची, आणि मी मधूनच “हं” म्हणायचो. त्या “हं”ला काही अर्थ नसे, पण वजन असे. मग ऐन दहा टक्क्यांवर स्क्रीनसेव्हर उगवायचा, डिस्कवर काहीतरी बदलायचं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. मी म्हणायचो, “केस अवघड आहे.” की दुसरा चहा यायचा. स्क्रीनसेव्हर आधी बंद करायचा असतो हे मला ठाऊक होतं. पण मग दुसऱ्या चहाचं काय?

पुढे व्हिस्टाने ते चौकोनच काढून टाकले. व्हिस्टाला लोकांनी नाही नाही ती नावं ठेवली, हा गुन्हा मात्र कुणी नोंदवला नाही.

माझ्या वडिलांना हे प्रकरण लगेच कळलं. ते तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून. “म्हणजे एका प्रकरणाचे कागद चार गठ्ठ्यांत गेलेत, ते एकत्र बांधायचे.” अगदी तेच. फॅट ही फाइलव्यवस्था म्हणजे आळशी कारकून: रिकामी फट दिसली की कागद कोंबला. मग वाचताना डिस्कचं टोक तुकड्यातुकड्यासाठी धावणार, दर खेपेला दहाएक मिलिसेकंद. एनटीएफएस नेटका, तरी त्याचेही गठ्ठे सुटतात. १९९३ ची विंडोज एनटी डिफ्रॅगशिवाय आली, विंडोज २००० मध्ये ते द्यावंच लागलं. लिनक्सचा ईएक्सटी४ घाई करत नाही. फाइल केवढी होतेय ते बघतो, मग सलग जागा देतो. म्हणून लिनक्सवाले “आमच्याकडे लागत नाही” म्हणतात. डिस्क गच्च भरेपर्यंत ते बहुतेक खरंही असतं. मग ई४डिफ्रॅग कशाला ठेवलंय, असं विचारलं की त्यांना महत्त्वाचा फोन येतो.

मी नोकरीत नेमकं काय करतो, हे वडिलांना कधी कळलं नाही. डिफ्रॅग तेवढं कळलं. खुर्ची ओढून ते शंभर टक्के होईपर्यंत बसायचे. म्हणायचे, “याला म्हणतात काम.” त्यांनी आयुष्यभर गठ्ठे बांधले, ते बघत असं कुणी बसलं नव्हतं. मीही नाही.

आता एसएसडी आली. तिच्यात फिरणारं, धावणारं काही नाही. कागद कुठल्याही रॅकवर असो, हात सारख्याच वेळात पोचतो. उलट तिच्या पेशींवर लिहिण्याच्या फेऱ्या मोजक्या, उगाच हलवाहलव केली की त्या वाया. तिला लागतं ते ट्रिम: कुठली पानं रद्दीत गेली, एवढं कळवणं. ते विंडोज आपलं आपण करते. जुनी फिरती डिस्क असली, तर तिच्या डिफ्रॅगचं आठवड्याचं वेळापत्रकही तिने लावूनच ठेवलेलं असतं. तेव्हा डिफ्रॅगचे कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. मी तरी कधी घेतले नव्हते.