कागदावरचं कुरण

अमेरिकेतल्या सुपरमार्केटात बीफच्या पाकिटावर हिरवंगार कुरण, लाल कोठार आणि तृप्त चेहऱ्याचा बैल छापलेला असतो. तो खरंच तिथे चरला का, हे बघायला लेबल मंजूर करणारा साहेब बांधावर जात नाही. उत्पादकाने पाठवलेले कागद चरतो. ‘गवतावर वाढवलेलं’ म्हणजे नेमकं काय, याचं एक सरकारी मानक होतं. कृषी खात्याच्या पणन विभागाने २०१६ साली तेही मागे घेतलं. (तसं कुरणावरचं मुक्त बालपण तिथल्या बहुतेक गुरांना मिळतंच, मक्याचा खुराक शेवटच्या काही महिन्यांत, फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं पुष्ट करायच्या बंदिस्त वाड्यात.) आणि ‘अमेरिकेचं उत्पादन’? परदेशात जन्मलेल्या, तिथेच कापलेल्या जनावराचं मांस अमेरिकेत नुसतं पाकिटात भरलं, तरी २०२५ संपेपर्यंत तो शिक्का मारता येत होता. बैलाला मेल्यावर नागरिकत्व!